बाटली नंबर दोनशे सतरा

"नाही म्हणतंय," कारकून धनसिंग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

"कोन नाही म्हनस?" कौतिकने विचारलं.

"मशीन. बी पॉझिटिव्ह शिल्लक नाही."

कौतिक हा धुळ्यातल्या त्या रक्तपेढीचा बावीस वर्षांचा जुना शिपाई. सकाळी फ्रीज पुसताना त्याने स्वतः बी पॉझिटिव्हच्या चार बाटल्या मोजल्या होत्या. त्यांतली दोनशे सतरा नंबरची लॅबमधल्या पुष्पाबाईंनी तपासून, पेशंटच्या रक्ताशी जुळवून बाजूला काढली होती. टेबलापलीकडे साक्रीचा वना उभा होता. त्याची बहीण शेवंता बाळंत होऊन दवाखान्यात पडली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं.

सोमवारपर्यंत फ्रीजची किल्ली कौतिकच्या करदोड्याला असायची. सोमवारी पेढीत कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, दारातल्या दगडावर नारळ फोडला आणि किल्ली धनसिंगच्या खणात गेली. मशीनमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय खण उघडायचा नाही, असा नवा नियम.

कौतिकला इंग्रजीची तीनच अक्षरं येत. ए, बी आणि ओ. तीही बाटलीवर असतात तशी, मोठी. तो पडद्याशी वाकला.

"इठे सहा काबर टाकेल शे?"

"सहा नाही, लहान बी आहे. साठ्याची नोंद मोठ्या बीने केलीय. मशीनला ते दोन वेगळे गट वाटतात."

"रगतमाबी लहान-मोठं करस का रे?"

"मी कुठं करतो? मशीन करतं."

"मंग मोठा टाक ना!"

"एकदा नाही म्हटलं, की त्या पेशंटचं नाव दिवसभर बंद. उघडायला सेक्रेटरीसाहेबांचा पासवर्ड लागतो. साहेब जामनेरला लग्नात आहेत. पंगत उठली की फोन करतील."

"भाऊ," वना म्हणाला, "तवपावत मनी बहीन जगी का?"

मशीनला गरम होऊ नये म्हणून लावलेला पंखा तेवढा फिरत होता.

कौतिक दारात गेला, नारळाचा दगड उचलून आणला आणि फ्रीजच्या कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप पडलं. दोनशे सतरा स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून त्याने वनाच्या हातात दिली.

"पळ!"

आठवड्याने चौकशी समिती बसली.

"तू बाटली चोरलीस," साहेब म्हणाले.

"मशीनले इचारा."

धनसिंगने सवयीने लहान बी दाबला. त्या दिवशी बाटली शिल्लकच नव्हती, असं मशीनने सर्वांसमक्ष सांगितलं.

"मंग जे नव्हतंच, ते मी कसं लई गऊ?"

समितीने चहा मागवला. दोन चहांनंतर निकाल लागला. बाटली अस्तित्वात नसल्यामुळे चोरीचा आरोप रद्द. कुलूप मात्र अस्तित्वात होतं. ते फोडल्याबद्दल कौतिकला नोकरीवरून काढण्यात आलं.

संध्याकाळी वना घरी येऊन सांगून गेला, शेवंता उठून बसली, भाकर खाल्ली. टॉवेल तेवढा दवाखान्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, फ्रीज पुसायच्या वेळेला, कौतिकचा हात करदोड्याकडे गेला. किल्लीने बावीस वर्षांत तिथे एक घट्टा पाडला होता. तो त्याने अंगठ्याने दाबून पाहिला, आणि बादली घेऊन नळावर नंबर लावायला गेला.