चुकीच्या काटकोनाची कबुली

मित्रांनो, टेक्निकलच्या वर्गात सरांच्या टेबलावर ऐटीत पडलेला जुना सागवानी गुण्या, तो मी. काटकोन तपासायचा तर मलाच बोलावणं. गव्हाणे सर मुलांच्या ड्रॉइंग शीटवर मला ठेवायचे. उभी रेघ माझ्या कडेला चिकटली तर सही, नाहीतर लाल फुली. काय तो माझा रुबाब. आता आठवला तरी लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मी टेबलावरून पडलो आणि माझा कोपरा निखळला. कोणीतरी तो गोंद लावून बसवला, पण केसभर तिरका. मला ते लगेच कळलं. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मान कोणाला नको असतो?

यंदा नववीतल्या साबियाची शीट तीनदा परत गेली. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

सर म्हणाले, "अगं, साधी उभी रेघ जमेना तुला. सोमवारपर्यंत विषय बदलता येतो, बघ."

साबिया जागची हलली नाही. "सर, तुमचा गुण्या उलटा करून बघू?"

"का? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"तळवड्याला अब्बूंच्या वर्कशॉपमध्ये रोज असंच तपासून बघतात, सर. आधी गुण्या, मग काम."

वर्ग हसला. तिने एका आडव्या रेघेवर मला टेकवून उभी रेघ मारली. मग मला पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारली. मी खरा असतो तर रेघ एकच दिसली असती. दिसल्या दोन, वर जाताना फाकत गेलेल्या.

"आयला," मागून गणराज पुटपुटला. हसणं थांबलं.

सरांनी दुसऱ्या गुण्याने साबियाची शीट तपासली आणि सही केली. मग कपाटातून जुन्या शीट काढल्या. पहिलीच करिष्माची निघाली. माझ्यामुळे पडलेल्या फुल्यांना कंटाळून तिने गेल्या वर्षी हा विषय सोडला होता. तिच्या रेघा अगदी बरोबर होत्या.

सरांनी तिला दहावीच्या वर्गातून बोलावून घेतलं. "करिष्मा, तुझं बरोबर होतं गं. मीच चुकलो."

तिने शीटवरच्या लाल फुलीवरून बोट फिरवलं. "सर, मला वाटायचं, मला सरळ दिसतच नाही," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा नाहीतर फेकून द्या, माझी तक्रार नाही. पण ज्याने दुसऱ्याची चूक काढता, त्याला आधी उलटापालटा करून बघा. आणि जरा लवकर बघा. साबियाचा विषय वाचला. करिष्माचा नाही वाचला.