तापलेल्या मानेवर मुसळ

मित्रांनो, आमच्या श्रीशैलला चारचौघांत खोटं बोलायची लाज कशी वाटत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. दारात पाहुणा आला की तो आपल्या लहानग्या पोरीला, शिवरंजनीला, हाताला धरून पुढं उभी करतो. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणतो, "ह्या मुसळानं माझी रंजी वाचली." पाहुणा हात जोडतो, मला हळदीकुंकू लावतो. पोरगी नुसती बापाच्या हलत्या ओठांकडं बघत राहते.

मी एक जुनं मुसळ आहे. माझा जन्म बायकांच्या हातात गेला, म्हणून मी बायकांसारखीच बोलते, आणि माझी जीभ तिखट आहे. का असू नये? सास्तूरच्या सुतारानं बाभळीच्या गाभ्यातून मला काढलं, तासलं, खाली लोखंडी कडं ठोकलं. पुढं किती वर्षं मी येसराचा मसाला आणि काळं तिखट कांडलं, त्याची मोजदाद नाही. शेजारणी मागायला आल्या तर माझी मालकीण शांताक्का, म्हणजे श्रीशैलची आई, सरळ तोंडावर सांगायची, "मुसळ न्हाय मिळायचं. मिरच्या इथं घिऊन या." भूकंपात घर बसलं तेव्हा ढिगाऱ्यातून मला ओढून काढलं तेही तिनंच. मग भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात कांडपाची गिरणी आली. मी दाराआड गेले. अंगावर जाळी धरली. वाईट वाटलं, पण ते सोसण्यासारखं होतं.

एक काम तेवढं उरलं. शांताक्का पायाळू आहे. आईच्या पोटातून ती पायाकडून बाहेर आली. अशा माणसाच्या हाताला गुण असतो, असं आमच्याकडं मानतात. कुणाची मान अवघडली, पाठीत उसण भरली, की शांताक्का त्याला पालथं निजवायची, तेल चोळायची आणि मला हलक्या हातानं फिरवायची. उशीवर वाकडी झालेली मान तेवढ्यानं सुटायची. थेट बेंबळी गावापासून माणसं यायची. मला त्याचा गर्व होता. तिला तर होताच होता.

गेल्या येळवशीची गोष्ट. येळवस म्हणजे वेळअमावास्या; त्या दिवशी आमच्याकडं गावच्या गाव शेतात जेवायला जातं. श्रीशैलला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून त्यानं शेतात मोठमोठे पाहुणे बोलावले होते. रंजीला आधीपासून सर्दी होती, कान वाहत होता. त्या सकाळी ती तापानं फणफणली. ओकली. दारातल्या उजेडाकडं बघवेना म्हणून डोळ्यांवर हात धरून रडू लागली. तिची आई शिवप्रिया तिला दूध पाजायला गेली, तर पोरीची मान खाली वाकेना.

"अहो, जीप दवाखान्याकडं घ्या," शिवप्रिया म्हणाली. "हिचं लक्षण मला बरं दिसंना."

"आज? पावणे वाटंला लागलेत. मान धरलीय तिची, दुसरं काय न्हाय. अव्वा, मुसळ फिरव."

"आन् ताप?"

"उसणीनं बी येतो ताप. तू डाक्टरीण हायस का?"

आपल्या हाताचा गुण कुणी मागितला की शांताक्काला नाही म्हणवत नाही. तिनं मला उचललं. मित्रांनो, मी आजवर शेकडो मानांना टेकले, पण तसली मान कधी लागली नव्हती. तव्यासारखी तापलेली, खुंट्यासारखी ताठ. रंजी किंचाळली. शांताक्काचा हात थबकला, आणि पुन्हा फिरला. मग पोरीला वाकळीत गुंडाळून सगळे शेतात गेले.

पुढचं मी शिवप्रियाच्या तोंडून ऐकलं. पंगत उठेपर्यंत पोरगी कडब्याच्या खोपीत पडून होती. तिला झटका आला, डोळे फिरले, तेव्हा कुठं जीप हलली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. नितळ असायला हवं ते गढूळ निघालं. मेंदूला पातळ पडद्यांचं वेष्टण असतं म्हणे. तिथं जंतू शिरले होते, पडदे सुजले होते, म्हणून मान ताठलेली. बाईंनी शिवप्रियाला समजावून सांगितलं. हे जंतू कितीतरी जणांच्या नाकाघशात मुकाट बसलेले असतात. शिंकेतून, खोकल्यातून ते एकाकडून दुसऱ्याकडं जातात. बहुतेकांना काही होत नाही. पण एखाद्या लेकराच्या रक्तात उतरले की मेंदू गाठतात. मग शिरेतून औषध सोडावं लागतं, आणि त्यात तासातासाला मोल असतं.

बाईंनी लसीचं विचारलं तेव्हा शिवप्रियानं मान खाली घातली. रंजी तान्ही असताना पहिल्या लसीनं तिला थोडा ताप आला होता. "माझी पोरगी टोचून घ्यायला जन्मली न्हाय," म्हणत श्रीशैलनं पुढच्या सगळ्या लशी चुकवल्या होत्या. ह्या जंतूवरची लसही त्यातच होती.

रंजी जगली. घरी आली त्या दिवशी शिवप्रियानं तिला मागून हाक मारली. ती वळली नाही. शिवप्रियानं हातातलं ताट फरशीवर आपटलं. तरी ती वळली नाही. आजार गेला, जाताना दोन्ही कान घेऊन गेला.

गाव विचारू लागलं, एवढा उशीर का केला? श्रीशैलनं उत्तर शोधून ठेवलं होतं. त्यानं मला दाराआडून काढलं, पुसलं, ओसरीत टांगलं आणि सांगत सुटला, "मुसळ फिरवलं म्हणून दवाखान्यापातूर जीव टिकला." शांताक्का ऐकून घ्यायची आणि पदर सावरायची.

मग एका सकाळी बेंबळीचा गोरोबा पोराला खांद्यावर टाकून आला. "आक्का, रातीपासनं ताप हाय. मान हलवू देत न्हाय. तुमच्या मुसळाचं लई नाव ऐकलंय."

शांताक्कानं मला खाली घेतलं आणि सवयीनं हाक मारली, "रंजे, तेलाची वाटी आण गं." रंजी पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. मांडतच राहिली. शांताक्का तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं मला जमिनीवर ठेवलं आणि पोराच्या डोक्याखाली हात घालून ते उचलून बघितलं. मान वाकली नाही, खांदेच वर आले.

"ऊठ, गोरोबा. हे माझं काम न्हाय. दवाखाना गाठ."

"लई आशेनं आलोय, आक्का."

"आशा जीपमधी बसून कर. श्रीशैल, जीप काढ."

"काढतो की, अव्वा. पर एकडाव फिरव तर. माणूस लांबनं आलाय."

शिवप्रियानं खुंटीवरची चावी घेतली आणि नवऱ्याच्या हातात कोंबली. तो धुसफुसत गेला, पण गेला.

गोरोबाचं पोरगं वेळेत पोचलं. दवाखान्यातून सुटल्यावर निरोप आला, हाक मारली की वळून बघतंय. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला अवघडलेली पाठ द्या, मिरच्या द्या, नाहीतर चुलीत घाला. पण ताप आहे, डोकं ठणकतंय, ओकारी होतेय आणि मान वाकत नाही, असं लेकरू माझ्यापुढं आणू नका. त्याला उचला आणि पळा. लशी वेळेवर द्या. माझी पूजा करू नका.

निरोप आला त्याच संध्याकाळी ओसरीत पाहुणे बसले होते. श्रीशैलनं रंजीला पुढं उभी केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरू केलं, "गोरोबाचं पोरगं बी आमच्या दारात आलं म्हणून वाचलं बघा. मुसळाचा गुण."

शांताक्का चुलीपुढून उठली. पाहुण्यांच्या मधून आली, रंजीला त्याच्या हाताखालून काढून तिनं स्वतःजवळ घेतलं.

"तिला ऐकू येत न्हाय म्हणून तिच्याच डोक्यावर हात ठिवून खोटं बोलतूस, श्रीशैल," ती म्हणाली. "मला आजून येतंय ऐकू."