बॅनरवरचा कर्नल

आमच्या बाबांपुढे हात टेकले मी! संघर्षला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, त्यांनी कर्नल करून टाकलं त्याला पाच वर्षं झाली. आर्मीने नाही, बाबांनी. तो लेफ्टनंट कर्नल झाला तेव्हा भाईंदरच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर बॅनर लागला, ‘कर्नलपदी निवड’. मी म्हटलं, बाबा, पुढचं ‘लेफ्टनंट’ कुठं गेलं? तर म्हणे, त्याने लोकांना माणूस ज्युनियर वाटतो. झालं! तेव्हापासून वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळे ‘कर्नल साब’.

आता यांना कोण समजावणार? लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षं नोकरी झाली की करतात. खरा कर्नल आर्मीचं सिलेक्शन बोर्ड निवडतं. तीन वेळा नाव जातं, तिन्ही वेळा राहिलं की विषय संपला. कर्नल झालं की स्वतःची पलटण मिळते, सात-आठशे जवान. संघर्षला अॅकॅडमीत गेल्यापासून तेवढंच हवं होतं.

तो सुट्टीवर आला होता. शुक्रवारी सकाळी मी पोहे वाढत होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला, परत आला, पोह्यांची प्लेट बाजूला सरकवली.

“ताई, तिसऱ्यांदा पण नाही.”

आणि बाबा? बाबा दुसऱ्या फोनवर विहाराच्या अध्यक्षांशी बोलत होते. “जय भीम, हरिश्चंद्रजी! रविवारी कर्नलसाहेबांचा सत्कार करून घेऊ. नाही नाही, युनिफॉर्ममध्येच येईल तो!”

मी त्यांच्या हातातून फोन काढून टेबलावर ठेवला. “बाबा, त्याला कर्नल नाही केलं!”

“असं कसं? तो आहेच की.”

“अहो, तुम्ही केलंत! बॅनर लावून!”

मग संघर्षनेच सगळं नीट सांगितलं. बाबा पोस्टात हेड क्लार्क होते, त्यांचा हिशेब ठरलेला. “पगार कमी होणार का?”

“नाही. इन्क्रिमेंट चालू राहील. सव्वीस वर्षं झाली की टाइम स्केलवर कर्नलपण करतील.”

“मग बिघडलं काय? उशिरा का होईना, होशीलच ना!”

“पलटण नाही मिळणार, बाबा. माझ्याच बॅचचा यतीन आता माझा साहेब होऊन येऊ शकतो.”

बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, चला, शिरलं एकदाचं डोक्यात. पण कुठलं काय! “तूच कुठंतरी कमी पडला असशील. मी सांगत होतो, साहेबांशी जरा गोड बोलत जा. तुझा स्वभावच नडला.”

संघर्ष म्हणाला, “जागाच कमी होत्या, बाबा.”

आता मात्र माझा तोल सुटला. “जागा कमी? खरं सांग ना! बाबा, तुमचं बायपास झालं तेव्हा हा दीड वर्ष मुंबईत होता. आपोआप बदली झाली वाटलं तुम्हाला? सीमेवर शंभरेक जवानांच्या एका कंपनीची कमांड होती याच्याकडे. ती अर्धवट सोडून, अर्ज करून आला हा. तिथल्या कामाचा रिपोर्ट पूर्ण झालाच नाही. बोर्डापुढे तोच रिपोर्ट लागतो!”

“ताई, बास कर.”

“का बास? स्वभाव नडला म्हणतायत!”

बाबांचा चेहरा पार उतरला. टेबलावरच्या फोनमधून हरिश्चंद्रजींचं “हॅलो, हॅलो” ऐकू येत होतं. तो बंद करायचंही कोणाला सुचलं नाही.

“मला का नाही विचारलंस?” बाबांनी विचारलं. आवाज चढलेलाच होता, पण फुटत होता. “मी मेलो असतो तरी चाललं असतं! एकदा विचारायचं तरी!”

संघर्षने प्लेट पुन्हा पुढ्यात ओढली.

“विचारलं असतं तर तुम्ही ‘परत जा’ म्हणाला असतात,” तो म्हणाला. “आणि मी गेलो असतो.”