तोंडातला दोरा

दोनाता जिवंत होती, आणि चांगली धडधाकट होती. त्याच दिवशी सकाळी जिन्यातल्या नळावर पाण्याच्या पाळीवरून तिनं कडाक्याचं भांडण केलं होतं आणि जिंकलंही होतं. दुपारी, समुद्रापलीकडच्या परक्या शहरात, सलिव्हन रस्त्यावरच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तिला कळलं, की मागं गावी तिच्या आईनं तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चर्चमध्ये मिस्सा घातली आहे. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळ्या गावादेखत मेणबत्ती लावून.

बातमी आणली ती नुकत्याच बोटीनं आलेल्या चुलतभावानं. दोनाताला पाहून तो दारातच थबकला आणि त्यानं घाईघाईनं छातीवर क्रुसाची खूण केली. गावात काय समजूत होती ते यावरूनच ओळखावं.

दोष द्यायचाच तर पत्रांना द्यावा लागेल. दोनाताला लिहिता येत नव्हतं. कोपऱ्यावर डॉन साव्हेरिओ नावाचा एक म्हातारा टेबल टाकून बसे आणि दोनाताच्या डोंगरावरच्या गावातून आलेल्या अर्ध्या लोकांची पत्रं तोच लिही. सांगणारीनं रडत सांगावं, हसत सांगावं, शिव्या देत सांगावं, डॉन साव्हेरिओच्या लेखणीतून एकच मजकूर उतरे: आम्ही सर्व येथे उत्तम प्रकृतीत आहोत, आपणही तसेच असाल अशी आशा करतो. गावातल्या पंधरा घरांत एकाच अक्षरातली, एकाच मजकुराची पंधरा पत्रं जात. दोनाताच्या आईनं, नुन्झिआबाईंनी, दोन वर्षं ती ऐकून घेतली आणि मग पाद्रीबाबांना स्पष्ट सांगितलं, की ही माझी पोर नव्हे, माझी पोर भांडल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नाही.

त्यात गावात एक असा प्रकार खराच घडला होता. बायको तिकडे परदेशी बाळंतपणात वारली, नवऱ्यानं दुसरी केली, आणि इकडे तिच्या आईला मात्र चार वर्षं पहिलीच्या नावानं पत्रं येत राहिली, सगळी उत्तम प्रकृतीतली. तेव्हापासून नुन्झिआबाईंनी पत्रांना उत्तर देणं सोडलं होतं.

"म्हणजे सासूबाईंनी मला दुसरी बायको दिली म्हणायची," रोक्को, दोनाताचा नवरा, म्हणाला. तो जमिनीखालचे बोगदे खणायच्या कामावर होता आणि घरी आला की त्याला कशाचंही हसू येई. "दिसायला कशी आहे ते तरी विचारायचं."

दोनाता हसली नाही. आठ वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा आई रागानं वेशीपर्यंतसुद्धा आली नव्हती. तो राग तिला चालला असता. पण आपण इथं कापडी फुलं वळत बसलो आहोत आणि तिकडं आई आपल्यासाठी रडते आहे, हे तिला सोसेना. आईला पटेल असा एकच पुरावा होता, तो म्हणजे फोटो. आपला चेहरा एकदा तिच्या हातात पडला की ती मेणबत्ती विझेल. स्टुडिओत जायचं तसं आधीपासूनच दोन वर्षं चाललं होतं, पण साठवलेले पैसे दर वेळी कुणाच्या तरी बुटांत किंवा कुणाच्या तरी खोकल्याच्या औषधात जात.

आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी फोटोवाला आपल्या पायांनी चार मजले चढून दारात आला.

ते ईस्टरच्या टोप्यांचे दिवस होते. टोप्यांवर लावायची जांभळी कापडी फुलं घरोघरी वळली जात. दोनाताच्या टेबलावर सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. साडेतीन वर्षांची वीता चिकटलेल्या पाकळ्या सोडवून वेगळ्या करी, सहा वर्षांचा कानियो त्यांना खळ लावी, नऊ वर्षांची जेरार्दा त्या तारेच्या देठावर चढवी, आणि दोनाता दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गुच्छ बांधी. एकजण उठला की चौघांचं काम थांबे. म्हणून हंगामात जेरार्दाची शाळा बुडे. ती बुडते याचं दोनाताला वाईट वाटे, पण त्यावर ती कुणाला बोलू देत नसे.

दारात उंच, किडकिडीत मिस्टर व्हीलॉक उभा होता, खांद्यावर तिकाटणं आणि हातात पेटी. सोबत वस्तीतल्या मदतघरात काम करणारी ओर्सोला नावाची मुलगी होती. ती म्हणाली, की या साहेबांना तुमचा फोटो काढायचा आहे, पैसे काही पडायचे नाहीत.

आता दोनाताला फोटोवाला म्हटलं की एकच माणूस ठाऊक. गावी सान रोक्को या संताच्या जत्रेत एक फोटोवाला यायचा. त्याच्याकडं रंगवलेल्या समुद्राचा पडदा असे, घड्याळाची साखळी भाड्यानं मिळे, आणि चिखलातून आलेला गुराखीही त्या पडद्यापुढं जमीनदार होऊन जाई. परदेशातून गावी धाडायच्या फोटोत माणूस फाटका दिसणं म्हणजे आईबापांची नाचक्की.

"पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. टेबलावरची फुलं, पाकळ्या, खळीची वाटी, सगळं पलंगाखाली गेलं. पोरांची तोंडं इतकी घासली गेली की कानियोचे कान लाल झाले. शेजारच्या मिकेलीनाकडून तिची शहामृगाच्या पिसाची टोपी आली, आणि त्या सकाळीही नळावर याच मिकेलीनाशी भांडण झालेलं असल्यामुळं टोपीबरोबर दोन टोमणेही आले. टेबलावर चादर, चादरीवर सान रोक्कोची तसबीर. मग दार उघडलं.

मिस्टर व्हीलॉकचा चेहरा पडला. पार पडला. त्यानं टेबलाकडं पाहिलं, पलंगाखालून डोकावणाऱ्या जांभळ्या ढिगाकडं पाहिलं आणि ओर्सोलाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं.

ओर्सोला चाचरत म्हणाली, "दोनाताबाई, त्यांना तुम्ही कामाला बसलेल्या हव्या होत्या. मघाशी होतात तशा. मुलांसकट."

"मघाशी? त्या एप्रनात?"

"हो."

"त्यांना सांग, एप्रनातली बाई बघायला चार मजले चढायची गरज नव्हती. तळमजल्यालाच सहा आहेत."

त्यानं हसून मान डोलावली आणि मग ओर्सोलाकरवी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लहान मुलं घरात बसून काम करतात हे मोठ्या लोकांना सांगून पटत नाही. त्यांना पुरावा लागतो. तो फोटो दाखवत हिंडतो, कायदा व्हावा म्हणून. नाव कुठंही यायचं नाही.

दोनातानं ऐकून घेतलं. तिला राग आला, आणि रागाखाली लाजही वाटली, म्हणून राग जास्तच आला. मुलं टेबलाशी बसतात हा पुरावा त्याला हवा होता. तिला हवा होता तो नेमका उलटा.

"पुरावा मलाही पाहिजे," ती म्हणाली. "माझी आई मला मेलेली समजते. आधी माझा फोटो काढा, मग तुमचा. आणि दोन्ही मला पाठवायचे."

मिस्टर व्हीलॉकनं पेटीत पाहिलं. त्या दिवसासाठी फोटो उमटायच्या दोनच काचा उरल्या होत्या, आणि अजून दोन इमारती बाकी होत्या. त्यानं थोडा विचार केला, आणि हो म्हणाला. या एका होकारासाठी त्याला माणूस म्हणायला हरकत नाही.

पहिला फोटो थाटात झाला. टोपी, पीस, तिन्ही मुलं ओळीत, सान रोक्को मधोमध. खोलीत उजेड कमी, म्हणून त्यानं तव्यासारख्या एका तबकात पूड पेटवली. ढप्प करून पांढरा उजेड झाला, धूर छताला लागला, आणि दोनाताचा उजवा हात आपोआप कपाळावरून छातीवर, खांद्यावर फिरला. वीज कडाडली की त्या डोंगरावरची बाई हे करणारच. तिला आपण काही केलं याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या फोटोसाठी पलंगाखालचं सगळं पुन्हा वर आलं. टोपी खुंटीला गेली, एप्रन अंगावर आला. दोनाता मुद्दाम कॅमेऱ्याकडं न बघता काम करू लागली. कानियोनं खळ लागलेलं एक फूल वीताच्या नाकाला चिकटवलं, वीता शिंकली, आणि दोनाताला हसू आवरेना. त्याच क्षणी ढप्प झालं. या वेळी एका हातात गुच्छ होता, दुसऱ्यात देठ, दातांत दोरा. क्रूस काढायला हात मोकळाच नव्हता.

जाताना मिस्टर व्हीलॉकनं मुलांची वयं विचारून खिशातल्या वहीत टिपली. वीताचं वय ऐकून त्यानं पेन्सिल थांबवली, तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि मग लिहिलं.

तीन आठवड्यांनी ओर्सोला पाकीट घेऊन आली. दोनातानं हात पुसून आधी टोपीवाला फोटो काढला. मुलं झकास आली होती. सान रोक्को तर काय, हललाच नव्हता. पण टोपीखाली, जिथं दोनाताचं तोंड असायला हवं होतं, तिथं फिरलेल्या हाताचा पांढुरका धूसर पट्टा होता.

"ही तर बिनतोंडाची बाई," मिकेलीना म्हणाली. "टोपी मात्र छान आली."

बिनतोंडाची बाई आईला पाठवणं म्हणजे दुसरी मिस्सा घालून घेणंच. उरला तो कामाचा फोटो. त्यात चेहरा लख्ख होता, पण विस्कटलेले केस, डाग पडलेलं एप्रन, आणि टेबलाला जेमतेम हनुवटी लागणारी वीता. रोक्को म्हणाला, पाठवून दे, आहे हे असं आहे. दोनातानं तो तसबिरीमागं सारला. दीड महिना तो तिथंच होता. ती स्वतःशी भांडत राहिली, आणि त्या भांडणात तिला जिंकता येईना. शेवटी मे महिन्यात एका सकाळी तिनं तो काढला. आईनं लाज वाटून घेतली तर घेऊ दे, पण रडायला नको. डॉन साव्हेरिओकडं ती गेलीच नाही. पाकिटात एक अक्षरही न घालता तिनं नुसता फोटो धाडला.

जुलैत उत्तर आलं. कैक वर्षांतलं पहिलं. दोनाता गुच्छ बांधत होती, आणि वाचायला ओर्सोलाला बोलावून आणायला जेरार्दा धावत गेली. पत्र गावच्या मास्तरांनी लिहिलं होतं, पण मास्तरांचा त्यात एक शब्द नव्हता.

"मास्तर, मी बोलते तसंच लिही, आपलं शहाणपण घालू नको," ओर्सोला वाचू लागली. "दोना, फोटो पोचला. पाद्रीबाबा म्हणाले ही तुझीच पोर. मी म्हटलं, तुम्ही काय, तुम्ही मेलेल्यांनाही उठवता. मग उंबऱ्यात उजेडाला नेऊन बघितला. तोंडात दोरा. मिरच्यांच्या माळा ओवताना किती मारलं तुला, दोरा दातांत धरू नको, दात झिजतील. समुद्रापलीकडं गेलीस तरी ऐकलं नाहीस. दुसरी कुठली बाई असती तर तिनं तोंड मिटून फोटो काढला असता. तू माझीच आहेस."

दोनातानं हातातला गुच्छ खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मेणबत्तीचे पैसे पाद्रीबाबांकडं परत मागितले," ओर्सोला पुढं वाचू लागली. "देत नाहीत. म्हणतात, पुढं कधी तरी उपयोगी पडतीलच. मी आता त्यांच्याशी बोलत नाही."

पुढच्या ओळी ओर्सोलानं आधी मनात वाचल्या.

"वाच की," दोनाता म्हणाली.

"ती डावीकडची बारकी टेबलाएवढीही नाही. तिला काय बसवलंस? मीही तुला चार वर्षांची असताना मिरच्यांपाशी बसवलं होतं, हात भाजायचे, तू रडायचीस, मी म्हणायचे सवय होईल. मला माझ्या आईनं बसवलं होतं. पुष्कळ झालं. तिला उठव तिथून. आणि मोठीला शाळेत घाल, म्हणजे पुढचं पत्र घरातलंच माणूस लिहील."

खालून बर्फवाल्याची हाक ऐकू येत होती. दोनाता उठली, वीताच्या काखांत हात घालून तिनं तिला खुर्चीवरून उचललं आणि जमिनीवर उभं केलं. वीतानं भोकाड पसरलं, कारण पाकळ्या सोडवणं हे आपलं काम आहे असा तिचा ठाम समज होता.

"जा, जिन्यात खेळ," दोनाता म्हणाली. "आजीनं सांगितलंय."

ऑगस्टात थंडीच्या टोप्यांचं काम आलं, आणि सप्टेंबरात शाळा उघडल्यावर जेरार्दा एकही दिवस घरी राहिली नाही. पाकळ्या दोनाता सोडवी, देठही तीच चढवी. काम निम्म्यानं होई आणि ती दिवसभर कुरकुरे, पण ती कुरकुर ऐकून रोक्कोला वाटे, बाईचं बरं चाललं आहे. आईचा शब्द तिनं सगळा पाळला. एवढं मात्र खरं, की गुच्छ बांधायची वेळ आली की दोरा हळूच दातांत जाई. मग तिला आठवे, ती तो काढी, तसबिरीमागच्या आईच्या पत्राकडं एकदा बघे, आणि दुसऱ्या गुच्छाला पुन्हा दातांत धरी.