डिमेट्रीचा शर्ट

"आत पाऊल टाकलंस ना व्हर्लीन, तर केस धरून पायऱ्यांवरून खाली ओढीन," आर्नेटा दारातूनच ओरडली.

व्हर्लीन पायरीवर थांबली. तिच्या अंगात आमचं नारिंगी जॅकेट होतं, माझ्याही होतं. सेंट लुईसच्या आमच्या या भागात त्या रंगाचा अर्थ शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. ही माणसं पोलिसांची नाहीत, कुणाच्याच बाजूची नाहीत, आणि गोळी सुटायच्या आधी मध्ये पडतात.

"ओटिस घरात आहे का?" व्हर्लीननं विचारलं.

"आहे. का? त्यालाही उपदेश करायचाय? एकाला केलास तेवढ्यानं पोट नाही भरलं?"

आर्नेटाचा धाकटा, डिमेट्री, परवा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर गोळ्या लागून मेला. त्याच्या हातात चिप्सची पिशवी होती, दुसरं काही नाही. आणि त्या हातात पिस्तूल का नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

व्हर्लीननं जन्मभर शाळेची बस चालवली. इथली सगळी पोरं तिच्या बसमधून गेली. कोण उपाशी येतो, कोण घरून मार खाऊन येतो, हे तिला आरशात बघून कळायचं. निवृत्त झाल्यावर बाईनं गुमान टीव्ही बघत बसावं की नाही? पण नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड.

वसंतात डिमेट्रीचं आणि रेल्वेपुलापलीकडच्या रोशॉनचं वाजलं. कुणीतरी फोनवर कुणाची तरी टिंगल टाकली, एवढंच. इथं तेवढ्यावर मुडदे पडतात. व्हर्लीननं दोघांना कान धरून आपल्या स्वयंपाकघरात आणलं, तळलेले मासे वाढले आणि म्हणाली, "एका बाकावर बसायचात रे मेल्यांनो. एकाचा डबा दोघं खायचात. आता पिस्तुलं दाखवता?" तिच्या टेबलावर जो जेवला त्यानं शब्द दिला, अशी रीत. दोघंही जेवले. डिमेट्रीनं पिस्तूल गावाबाहेरच्या मामाकडे नेऊन टाकलं. रोशॉननंही शब्द पाळला, खोटं कशाला बोलू?

पण रोशॉनचा एक चुलतभाऊ तेव्हा तुरुंगात होता. उन्हाळ्यात सुटला. तो टेबलावर नव्हता, त्याला कुणी विचारलं नव्हतं, नंतर सांगायलाही कुणी गेलं नाही. सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी उभं राहून त्याला पहिला घास व्हर्लीननं भरवायला हवा होता. तिनं भांडलेली पोरं मोजली, रुसणारा मोजायचा राहिला. घराण्याची अब्रू आपल्या पाठीमागं माशांवर विकली, असं त्याच्या डोक्यात बसलं. मग त्याला पंपावर डिमेट्री दिसला.

त्या चुलतभावाला पोलिसांनी त्याच संध्याकाळी उचललं. पण आमच्याकडे हिशेब असा मिटत नाही. ओटिस, आर्नेटाचा थोरला, आता रोशॉनच्या मागावर होता.

"फुगे कुठं सोडणार आहेस?" व्हर्लीननं विचारलं.

"पंपावर. माझं लेकरू पडलं तिथंच. उद्या संध्याकाळी."

जिथं माणूस पडतो तिथं आम्ही फुगे सोडतो. सगळ्यांनी त्याच्या फोटोचे शर्ट घालायचे, नाव घेऊन हाका मारायच्या. गेल्या वर्षी अशाच जमलेल्या घोळक्यासमोरून एक गाडी सावकाश गेली होती, उघड्या खिडक्यांतून गोळ्या झाडत. तेव्हा टीव्हीवाले आले, कारण एकदम पुष्कळ पडले. एकेक करून मेली पोरं की त्याची बातमी होत नाही. जळलं मेलं ते मोजणं.

"आर्नेटा, चर्चच्या अंगणात सोड. भर दुपारी. आणि ओटिसला माझ्या शेजारी उभा कर. तू पंपावर माणसं जमवलीस तर पुलापलीकडचे येतील. आणि नाही आले तर हा जाईल."

आर्नेटा हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. आत गेली आणि हातात एक शर्ट घेऊन आली. काळा, छातीवर डिमेट्री, दात काढून हसणारा.

"हा घाल. ते जॅकेट उतरव आणि माझ्या पोराला अंगावर घे. मग तू म्हणशील तिथं सोडते फुगे."

मी व्हर्लीनचा दंड धरला. "नको गं. वेडी आहेस का?"

आम्ही कुणाच्याच मेलेल्याचा शर्ट घालत नाही. एकदा घातला की तुम्ही त्या घरचे. मग पलीकडे जाऊन देवाची वाणी बोललात तरी ती या घरची.

ओटिस आईच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या स्वेटशर्टचा खिसा एका बाजूला ओघळला होता. "नाही घालणार त्या, आई," तो म्हणाला. "मिस व्हर्लीनना जॅकेट प्यारं. नाही का हो?"

व्हर्लीननं त्या खिशाकडे पाहिलं. "मी घातला तर खिशातलं ते आईच्या हातात देशील?"

त्यानं आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "देईन."

तिनं जॅकेट काढून माझ्याकडे दिलं. शर्ट तिला घट्ट होत होता, डिमेट्रीचं तोंड तिच्या पोटावर ताणलं गेलं. ते बघितलं मात्र, आर्नेटाचा बांध फुटला. ती मुठी वळून व्हर्लीनला मारू लागली. "तुझं ऐकलं म्हणून मेला गं माझा पोरगा! तुझं ऐकलं म्हणून!"

"हो," व्हर्लीन म्हणाली. "माझं ऐकलं म्हणून मेला."

माझं डोकंच फिरलं. अगं बाई, मारणारा दुसराच होता, तेवढं तरी बोल! पण नाही बोलली. मुठी थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.

फुगे दुपारी चर्चच्या अंगणात सुटले. पिस्तूल आईकडे देऊन ओटिस व्हर्लीनच्या शेजारी उभा राहून लहान पोरासारखा रडला आणि पुढच्याच आठवड्यात मामाकडे कामाला निघून गेला. कुणी मेलं नाही. जे घडलंच नाही त्याचा फोटो कोण काढणार? फोटो निघाला तो शर्टातल्या व्हर्लीनचा. संध्याकाळपर्यंत पुलापलीकडच्या प्रत्येक फोनवर तो होता. रोशॉनची आई तिला दुकानात भेटली तेव्हा भर गर्दीत म्हणाली, "त्या घरचा मेलेला मिरवलास ना? मग त्यांच्याच गल्लीत राहा. माझ्या दारात आलीस तर बघ." आम्हाला हे जॅकेट देणाऱ्या ऑफिसातल्या साहेबानं तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि म्हणाला, नियम तुम्हाला माहीत होता, बाई. माहीत होता ना! नियम तिनंच आम्हाला शिकवला होता.

पानं गळायला लागली तेव्हा रोशॉनच्या धाकट्या भावाच्या मांडीत गोळी गेली. फोन मला आला, व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात बसले असताना. मी सांगायच्या आत व्हर्लीननं बूट चढवले होते. आम्ही दोघी पुलापर्यंत भराभर चालत गेलो. पुलाखाली ती थांबली.

"रोशॉनकडे तू जा," ती म्हणाली. "भावाचं काही विचारू नकोस. जेवलास का, ते विचार. त्याला राग आला की तो आधी हसतो, तेव्हा फसू नकोस. आणि माझं नाव काढू नकोस."

रोशॉन घरासमोर गाडीला टेकून उभा होता. गाडीत दोन पोरं आधीच बसली होती.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

तो हसला. "मिस व्हर्लीन कुठायत?"

"ती नाही आली."

"येऊन तर बघू दे!" त्याची आई आतून ओरडली.

"माझं ऐक, बाळा," मी म्हणाले. "आज रात्र जाऊ दे. भावापाशी बस."

"तुम्ही कोण हो? मला ओळखता तरी का?" त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरंच विचारत होता. मला त्याचं नाव माहीत होतं, बाकी काही नाही. "त्यांनी सांगितलं असतं तर बसलो असतो मी," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

मी परत आले तेव्हा व्हर्लीन पुलाखालच्या कठड्यावर बसली होती. माझं तोंड बघून तिनं सरकून जागा केली. मी बसले.

"गाडी कुठं वळली?" ती म्हणाली.

मी बोटानं दाखवलं. आम्ही दोघी त्या दिशेला कान देऊन बसलो.