पात्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मग जवळ या! मला सहा हिवाळ्यांच्या घामाचा वास येतो आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. मी आहे एक जुना डावा बूट. तळाला पोलादी पातं असलेला, बर्फावर धावणारा. उजवा भाऊ शेजारीच लटकतो आहे, पण तो पहिल्यापासून घुम्या. म्हणून आमची गोष्ट मलाच सांगावी लागते.

खरं तर ती आमची नाहीच. ती आमच्यात पाय घालणाऱ्या गार्नेट होलोवाचची आहे. सगळे त्याला हॉली म्हणत.

हॉली पोटासाठी आइस हॉकी खेळायचा. मोठ्या लीगमध्ये नाही हं, तिच्या खालच्या लीगमध्ये. कधीकधी तर तिच्याही खालच्या! मी त्याच्याकडे आलो तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि मोठ्या लीगचा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. दुकानात मला भट्टीत चांगलं तापवलं आणि गरमागरम असतानाच त्याने आत पाय घातला. अंगठ्याजवळच्या हाडाच्या गाठीसकट तो पाय माझ्यात कायमचा उमटला. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाच्या कामाचा उरलो नाही.

आणि काय फिरलो आम्ही! थंडर बे, विचिटा, बेकर्सफील्ड, मग पुन्हा विचिटा, शेवटी आयोवा. खालच्या लीगमध्ये कुणी आधी सांगत नाही. सकाळी सरावाला यावं तर आपली पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसते. याचा अर्थ, तुला दुसऱ्या संघाला दिलं. हॉली ती पिशवी बघायचा, खोलीत जाऊन एकूण एक माणसाशी हात मिळवायचा आणि मग पिशवी खांद्यावर टाकायचा. त्याने एकदाही दार आपटलं नाही. मी सगळीकडे होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

गोल करणं त्याचं काम नव्हतं. त्याचं काम होतं मध्ये पडणं. समोरून रबराची ती कडक चकती गोळीसारखी यायची आणि इतर लोक अंग चोरायचे, तेव्हा हॉली मला पुढे करायचा. माझ्या पुढच्या टोकावरची ही खोक बघा. त्या दिवशी आतली दोन बोटं मोडली होती, तरी तो पुढची पाळी खेळला! गोलरक्षक येऊन त्याच्याऐवजी माझं चुंबन घेऊन गेला. एवढी शाबासकी मला पुरली.

सामना संपला की तो आधी माझं पातं टॉवेलने कोरडं करायचा, मग स्वतःचं डोकं. आणि बूट घालण्याआधी पात्याच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. आधी डाव्या, मग उजव्या. कधी चुकला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्याची खोडी सांगते... अहं, सांगतो! उत्साहात माझी जीभ घसरते, बुटालाही जीभ असते म्हटलं. तर संघात कुणी नवीन पोरगा आला की त्याच्या पहिल्या सामन्याआधी हॉली त्याच्या पात्यांना खालून पारदर्शक चिकटपट्टी लावायचा. मग सगळे दाराशी रांगेत उभे राहत. हॉली म्हणायचा, "जा बाळा, आम्ही आहोतच मागे." बाळ ऐटीत बर्फावर पाय टाकायचं आणि धपकन आपटायचं! मागे कुणीच यायचं नाही. त्याने हसत उठायचं, पट्टी सोलायची आणि मैदानाला एकट्याने एक फेरी मारायची. तो झाला आपला. दोन दिवसांच्या पाहुण्याला मात्र कुणी पट्टी लावत नसे. पाहुण्याची कोण थट्टा करतं?

हॉलीची आई ओरिशिया ही कॅनडातल्या कॅनोरा गावात, बर्फाच्या मैदानावर टपरी चालवायची आणि पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या करायची. तिला विमानात बसायचं होतं. तो म्हणायचा, "आई, मोठ्या लीगचा पहिला सामना लागला की तुला विमानाने आणतो." हे तो विसाव्या वर्षापासून म्हणत होता. ती हल्ली फोनवर विमानाचा विषयच काढत नसे.

हॉलीच्या चौतिसाव्या वर्षी आयोवात पाती घासून धार लावणारा एल्डन मला हातात धरून म्हणाला, "हॉली, यात आता पोलादच नाही रे उरलं. अजून चारपाच घासण्या, बस्स. आणि या जातीचं पातं कंपनी काढत नाही आता."

"मग नवे बूट घे, असंच ना?"

"मी बुटांबद्दल बोलतोय असं वाटतं का तुला?"

हॉली हसला. "चार घासण्या म्हणजे चार सामने झाले की, म्हाताऱ्या."

दुसऱ्या दिवशी पिशवी दाराशी! हॉलीने हात मिळवायला सुरुवात केली तर एल्डन ओरडला, "अरे शहाण्या, या वेळी वर जायचंय, वर!" मोठ्या संघाचे दोन बचावपटू जखमी झाले होते. संध्याकाळी सामना होता. हॉलीने सगळ्यात आधी आईचं विमानाचं तिकीट काढलं.

मित्रांनो, मोठ्या संघाच्या त्या खोलीत गालिचा होता! पण मला तिथे अजिबात करमलं नाही. सगळे इतके गोड वागत होते. "या, बसा. काही हवंय का?" कुणी टोमणा मारेना, कुणी आजोबा म्हणेना. हॉलीपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला फिनलंडचा कर्णधार लासे तर खुर्चीसुद्धा स्वतः ओढून देत होता. हॉलीचा चेहरा पडत चालला. मला कळत होतं. चौदा वर्षं वाट पाहून तो आला होता, आणि पाहुणा म्हणून आला होता.

"आई जागेवर बसली का बघून येतो," म्हणून तो बाहेर गेला. आणि लगेच लासे माझ्याकडे आला! हातात चिकटपट्टी. टर्रकन फाडली आणि आधी माझ्या, मग भावाच्या पात्याला चिकटवली.

"आयोवातून एल्डनचा फोन होता," तो हळूच म्हणाला. "म्हणाला, याला सोडलंत तर पुन्हा तोंड दाखवू नका."

अरे, अठरा हजार माणसं आहेत! याची आई पहिल्यांदा विमानात बसून आली आहे! हा चौतीस वर्षांचा आहे, हाडं मोडली म्हणजे? पण माझं कोण ऐकतं?

हॉली परत आला. मला मांडीवर घेतलं आणि पात्यावरून नख फिरवलं.

नख थांबलं.

त्याने मान वर केली. एकोणीस धिप्पाड माणसं आपापल्या नाड्यांकडे अशी बघत होती की जणू त्या आजच उगवल्या आहेत. मला वाटलं, आता तो पट्टी सोलणार. पण त्याने ती सोलली नाही. मग त्याने उजव्यावरूनही नख फिरवलं, आमच्यात पाय घातले आणि नाड्या आवळल्या. इतक्या घट्ट त्याने कधीच आवळल्या नव्हत्या.

दाराशी लासे म्हणाला, "जा बाळा, आम्ही आहोतच मागे."

आणि मित्रांनो, हॉली काय आपटला! हात एकीकडे, काठी दुसरीकडे, आणि आम्ही दोघे आकाशात! अठरा हजार लोक "अरेरे!" म्हणाले. आई ताडकन उभी राहिली. हॉली बर्फावर उताणा पडून हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं. दाराशी एकोणीसजण एकमेकांना धरून हसत होते. "उठा आजोबा, उठा!" कुणीतरी ओरडलं.

तो उठला. पट्ट्या सोलल्या, आणि एकट्याने फेरी मारली. काय धावलो आम्ही! माझ्यात पोलाद उरलं नव्हतं म्हणे!

तो सामना आम्ही हरलो. हॉली अकरा मिनिटं खेळला आणि एक चकती माझ्यावर झेलली. तिसऱ्या दिवशी पिशवी दाराशी होती. मोठ्या लीगचा तेवढा एकच सामना.

आता तो कॅनोरात मुलांना शिकवतो आणि मी आईच्या टपरीत खिळ्याला लटकतो. माझ्या जिभेच्या आतल्या बाजूला बोट घालून बघा, हॉलीने सोलून तिथे चिकटवलेली ती पट्टी अजून तिथेच आहे.

मुलांनो, खेळून झालं की पाती कोरडी करा, ओल्या पात्याला एका रात्रीत गंज चढतो. आणि तुमच्यात कुणी उशिरा आलं, तर त्याला नुसती खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. थोडी थट्टा करा त्याची.

आणि हो, जरा हळू बोला. हॉलीला पट्टी आधीच कळली होती, हे आईला ठाऊक नाही. ती दर नाताळात त्या संघाला पिरोगी पाठवते. सगळ्यांना, लासे सोडून.