तीन मिलिमीटर

शुक्रवारी संध्याकाळी एमआरआयचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तेव्हा नथू औंढ्यातल्या आपल्या खाचराच्या बांधावर बसला होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. सात महिन्यांपूर्वी किरणं दिली तेव्हा डाव्या कानाच्या नसेवरची गाठ अठरा मिलिमीटर होती. आता एकवीस. त्यानं फोन खिशात घातला. सोमवारी डॉक्टरांची वेळ होती, तोवर घरात अवाक्षर काढायचं नाही असं त्यानं ठरवलं.

गाठ कॅन्सरची नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. पण वाढायला लागली तर तिला साधी तरी कसं म्हणायचं?

शनिवारी उजाडताच त्यानं बायकोला, रतनबाईला, विहिरीवरच्या पंपाच्या पेटीपाशी नेलं. "हे हिरवं बटन. आधी दिवे बघायचे. तिन्ही लागलं न्हाईत तर हात लावायचा न्हाई."

"मला कशाला? तुमी हाय की."

"शिकून ठेव. काय बिघडतंय?"

दुपारी त्यानं तिला नांगरटीच्या पॉवर टिलरचा क्लच दाखवला. मग सातबाऱ्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत ते सांगितलं. रविवारी तर त्याचं बूड एका जागी टेकेना. बांधाचे दगड रचले, ते मनासारखे बसले नाहीत म्हणून पुन्हा काढले, गोठ्याचा पत्रा ठोकला. मध्येच थांबून कानामागे बोटं दाबून बघायचा, जणू गाठ हाताला लागणार होती. संध्याकाळी घराकडे निघताना त्याचा तोल गेला आणि तो कोरड्या खाचरात आडवा झाला. गाठीपायी तोल वर्षभर जातच होता. पण आज त्याला एकच वाटलं: हे त्या तीन मिलिमीटरचंच.

रतनबाई धावत आली. त्याच्या पाठीवरची माती झटकता झटकता म्हणाली, "दोन दिस मला मशिनी शिकवताय, कागद दावताय. मी काय येडी हाय? काय आलंय त्या मोबाइलात?"

त्यानं सांगितलं. तिनं त्याला हाताला धरून बांधावर बसवलं.

"आन् मला पंप शिकवून तुमी कुटं निघाला व्हता?"

नथू खाचरात पडलेली चप्पल शोधायला लागला.

सोमवारी लोणावळ्यात नोकरीला असलेली त्यांची मुलगी प्रेरणा रजा टाकून आली आणि दोघांना पुण्याला घेऊन गेली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत नथू पाच वेळा पाणी प्याला.

डॉक्टर माधवींनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "काका, हा उपचाराआधीचा. औषध टोचल्यावर गाठ सगळीच्या सगळी पांढरी चमकतेय. आणि हा आत्ताचा. मध्ये काय दिसतंय?"

"काळं पडलंय."

"बरोबर. किरणांनी गाठ कापली जात नाही, ती आतून मरायला लागते. तेव्हा पुष्कळदा सुजते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात हे दिसतं. एका आकड्यावर काही ठरत नाही. सगळे फोटो ओळीनं लावून बघायचे असतात."

"म्हंजी वाढली न्हाई?"

"सूज आहे असं वाटतंय. छातीठोकपणे आज सांगणार नाही. मेंदूवर दाब नाही, ही चांगली गोष्ट. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"आन् तवा बी वाढली आसंल तर?"

"तर पुढचा उपचार आहे. पण आपल्याला ती नाहीशी करायची नाहीये, फक्त वाढू द्यायची नाहीये. आणि चेहरा वाकडा झाला, डोकं फार दुखायला लागलं, तर मात्र सहा महिने थांबू नका."

ते सहा महिने नथूनं आरशासमोर गाल फुगवून बघण्यात घालवले. रतनबाई वैतागून म्हणायची, "तोंड सरळ हाय तुमचं, पयल्यासारखंच."

पुढच्या स्कॅनला एकोणीस आले. डाव्या कानानं ऐकू येणं गाठीमुळं गेलं होतं, ते काही परत आलं नाही. डॉक्टरांनी फोटो ओळीनं लावले, समाधानानं मान हलवली आणि वर्षानं यायला सांगितलं.

"वरीस?" नथू खुर्चीतून उठेना. "आठ महिन्यांनी आलो तर न्हाई का चालणार?"

"गरज नाही, काका."

"धा?"

रतनबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.